पडद्यामागचं दुकान

मेलेल्या माणसानं कसं वागावं याचीही काही रीत असते. आधी घरच्यांच्या स्वप्नात यावं, काय राहिलं-साहिलं ते सांगावं, पिंडाला कावळा शिवू द्यावा आणि गप जावं. आमचे हे गेले आणि थेट गिऱ्हाइकांशी बोलत बसले. बायको राहिली बाजूला.

हुबळीत दुर्गदबैलच्या बाजारात, कापडवाल्यांच्या ओळीच्या तोंडाशी आमचं दुकान. दुकान म्हणजे काय, चार बांबू, वर निळी ताडपत्री, पुढं फळी आणि मागं काळा पडदा. फळीवर छोट्या छोट्या जादू मांडलेल्या. रंग बदलणारा रुमाल, गाठ आपोआप सुटणारी दोरी, खोट्या तळाची पितळी डबी. सगळ्यांत जास्त खपायची ती काळ्या साटिणीची पिशवी. तिच्यात टाकलेली वस्तू गडप व्हायची. या पिशव्या मी शिवायची. माझं माहेर निपाणीचं, शिंप्याचं. शाळा माझी दुसरीतच सुटली, पण अस्तराच्या आत चोरखिसा असा घालायची की मुद्दाम शोधणाऱ्याच्याही बोटाला लागू नये.

विकायचं काम यांचं. हे म्हणजे तुकाराम अण्णा. अख्खा बाजार यांना अण्णाच म्हणायचा. जादू दाखवायची चारचौघांत, पण ती करायची कशी हे सांगायचं फक्त विकत घेणाऱ्याला, पडद्यामागं नेऊन, कानात. हा या धंद्याचा नियमच. त्यात यांनी स्वतःची एक मेख मारून ठेवली होती. वस्तू घालवायची कशी तेवढंच पहिल्या दिवशी सांगायचे. "आणायची कशी ते पुढच्या बाजारी. आधी हे हाताला बसू दे." गिऱ्हाईक बिचारं पुढच्या बाजारी परत यायचं, उरलेलं शिकायचं आणि जाताना आणखी एखादी जादू घेऊन जायचं. पिशवी उसवली तर वस्तू मिळायचीच म्हणा, पण उसवून काढली तर जादू कसली?

अठ्ठ्याण्णव साली कलघटगीचा बाजार करून येताना हे बसमध्येच गेले. मांडीवर पेटी, पेटीवर हात, डोकं खिडकीला टेकलेलं. सगळे उतरले तरी उठेनात म्हणून कंडक्टरनं खांदा हलवला. "अज्जा, हुब्बळ्ळी बंतु," म्हणाला. हुबळी आली होती, आजोबा पोचले नव्हते.

मग फळीवर आमचा मुलगा हणमंत बसायला लागला. त्याला बापाची ती अर्ध्याची युक्ती पटायची नाही. "आई, लोकांना आता वेळ कुठाय? एकदाच सगळं सांगून मोकळं व्हावं." बरं म्हटलं. मी आपली फळीच्या टोकाला बसून शिवत असायची.

एकदा रायापूरचे एक मास्तर आले. आदल्या बाजारी त्यांनी लेकीसाठी पिशवी नेली होती.

"राहिलेलं सांगता ना?" म्हणाले.

हणमंत म्हणाला, "सगळं सांगितलं की मी तुम्हाला."

"तुम्ही कुठं? तुम्ही इथं सुटे मोजत होता. आत अज्जा बसले होते, त्यांनी सांगितलं. पुढच्या बाजारी या म्हणाले."

माझ्या हातातली सुई कापडात तशीच राहिली. उठून पडदा वर केला. आत यांची पेटी, पाण्याची बाटली, बाकी काही नाही. पेटीवर हात ठेवला तर झाकण कोमट. नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं.

पुढं हे वाढतच गेलं. कोण म्हणे म्हाताऱ्यांनी फार प्रेमानं शिकवलं, कोण म्हणे कानाला मिशा टोचल्या. शेजारी मुकुंदरावांचं कुलपांचं दुकान. ते एके दिवशी हळूच म्हणाले, "वहिनी, अण्णांचा खोकला येतो हो ऐकू. अगदी तसाच."

"तुम्हाला येतो, मला येत नाही," मी म्हटलं. "कुलपं विका गप."

मला याचाच राग होता. एक अख्खी दुपार मी पडद्यामागं पेटीवर बसून काढली. "अहो," म्हटलं, "आलाच आहात तर बोला चार शब्द." बाहेर चुरमुऱ्यांचं गिरमिट विकणारा ओरडत होता, रिक्षा वाजत होत्या, आत चिटपाखरू नाही. मग माझ्या ध्यानात आलं, हे सांगतात ते फक्त ज्याला ठाऊक नाही त्याला. मला काय सांगणार? पिशवी माझ्याच हातची. म्हणजे संसार केला तो फुकट, आणि ओळखपाळख नसलेला मास्तर यांना जवळचा!

हणमंत तर खूशच होता. "असू दे की आई. बाबा दुकानाला हातभार लावतायत." माझ्या पोटी हे असं बेणं जन्माला आलं.

मग सायली. हणमंताची मुलगी. हे गेले तेव्हा ती मांडीवरची. यांचा चेहराही तिला आठवत नव्हता. शाळा सुटली की ती दुकानात यायची, फळीखाली बसून पाढे म्हणायची. एकदा संध्याकाळी घरी जेवायला बसलो आणि हेमावतीनं सुरू केलं. हेमावती माझी सून, धारवाडची, मला अत्ती म्हणते.

"अत्ती, पोरीनं पैंजण हरवलं बघा. चांदीचं होतं. माझ्या आईनं घातलेलं."

"मग तुझ्या आईला सांग दुसरं घालायला," मी म्हटलं.

"हरवलं नाही," सायली म्हणाली. "घालवलं."

ती उठली, दप्तरातनं पिशवी काढून आणली. माझ्याच हातची. तिनं दुसऱ्या पायातलं पैंजण सोडलं, पिशवीत टाकलं, मुठीवर फुंकर मारली. पिशवी उलटी केली. रिकामी.

हात झकास बसला होता. मी मनात म्हटलं, पोरगी आजोबांवर गेली. "आता आण परत."

"ते अजून शिकवलं नाही."

"कुणी?"

"अज्जानं. पुढच्या बाजारी शिकवतो म्हणाला."

मी तिच्या हातातनं पिशवी घेतली. चोरखिशात बोट घातलं. काही नाही. अस्तर चाचपलं, कडा चाचपल्या. काही नाही. हेमावती बघत होती, म्हणून मी तोंडावर काही दाखवलं नाही. माझ्या कनवटीची पितळी टोपी, शिवताना बोटात घालते ती, काढून सायलीला दिली. "ही घालव बघू." या धंद्यातले हात मी आयुष्यभर बघितलेत. कुठं तळवा वळतो, कुठं बाही पुढं येते, मला शिकवायला नको. डोळ्याची पापणी न लववता बघत होते. टोपी पिशवीत गेली आणि गेलीच. मी तिथंच दातानं टाका तोडला, सगळी पिशवी उसवली, कापड ताटाशेजारी पसरलं. साटीण, अस्तर आणि दोऱ्याचे तुकडे.

आमच्या पिशवीतली वस्तू कधी जातच नसते. ती आत असते. लोकांना गेली असं वाटतं, तेवढाच आमचा धंदा. आणि ही खरोखर गेली होती.

मी दुसरी पिशवी पोरीच्या हाती लागू देणार नव्हते, पण घरात पिशव्यांची काय वाण? दोन दिवसांनी आमच्या मांजरीचं एक पिल्लू दिसेना. मांजरी कोपऱ्यातल्या एका पिशवीभोवती फिरत होती, तोंड घालून बघत होती आणि बाळंतिणीसारखी कण्हत होती. सायली भिंतीला टेकून उभी. तिचा चेहरा उतरलेला.

मी तिला जवळ घेतलं. ओरडले नाही. "अज्जा काय काय सांगतो गं तुला?"

"अज्जी, तिकडं त्यानं दुकान मांडलंय."

"कुठं तिकडं?"

"पिशवीतनं गेलं की तिकडं. फळी आहे, दिवा आहे. माझी पैंजणं मांडलीत, तुझी टोपी मांडली. पिल्लू फळीखाली झोपतं म्हणाला." ती माझ्या पदराशी चाळा करत होती. "पण तिकडं गिऱ्हाईकच नाही. रस्त्यावर कुणीसुद्धा येत नाही म्हणाला. तो रोज एकटाच जादू करतो आणि बघायला कुणी नाही."

"मग?"

"मग पुढच्या बाजारी मला बघायला बोलावलंय. मी हो म्हटलं. रडत होता अज्जी तो."

त्या दिवशी घरातल्या सगळ्या पिशव्या मी उसवल्या. हणमंत मध्ये आला, "आई, दुकानात विकू काय?" म्हणाला. "दोऱ्या विक," म्हटलं, "आणि पोरीचा हात सोडू नको." सगळं ऐकल्यावर त्यानं पोरीला उचलून कडेवर घेतलं. हेमावती म्हणाली, "सायलीला धारवाडला माझ्या आईकडं ठेवते." मी नको म्हटलं. जो पिशवीतनं येतो त्याला धारवाड काय लांब? बोलावलंय ते बाजारात, तर बाजारातच, माणसांच्या देखत, काय ते होऊ दे. मी बरोबर असेन.

बाजाराच्या दिवशी मी सायलीला घेऊन पडद्यामागं बसले. पेटीवर मी, मांडीवर ती. माझ्या पदराचं टोक तिच्या मनगटाला बांधलं होतं. दुकानात पिशवी नावाला नव्हती, डब्यासुद्धा मुकुंदरावांकडच्या कपाटात ठेवल्या होत्या. बाहेर हणमंत फळीवर. दिवस उतरायला लागला, दुकानांचे बल्ब लागले, गर्दी वाढली. काही झालं नाही. मला वाटलं, बायको बघून लाजले असतील.

तेवढ्यात सायली माझ्या मांडीवर सरळ झाली. कान तिरका करून ऐकायला लागली. माझ्या कानाला काही नाही. तिच्या कपाळावरचे केस मात्र हलले, कुणीतरी अगदी जवळून बोलल्यासारखे.

"हं," ती म्हणाली. "हं. दिसला दिवा."

आणि तिनं पडद्यात हात घातला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पडदाही मीच शिवला होता. दुहेरी, आत अस्तर घालून, यांना जादूच्या वस्तू लपवता याव्यात म्हणून वरपासून खालपर्यंत चोरखिसा ठेवला होता. इतक्या वर्षांत तो पडदाच झाला होता, शिवलेलं काही आहे हे मी विसरून गेले होते.

पोरीचा हात कोपरापर्यंत आत गेला. मग खांद्यापर्यंत. पडद्याला फुगवटासुद्धा आला नाही. "मुकुंदराव!" मी ओरडले, "तिकडनं हात दिसतो का बघा!" ते पलीकडं धावले. "काही नाही वहिनी! सपाट आहे पडदा!" सायलीचा गाल पडद्याला लागला होता. ती हसत होती. माझ्या पदराची गाठ ताणून ताणून सुटली, मी तिच्या कमरेला मिठी मारली, तर पलीकडची ओढ अशी की पेटीसकट मी सरकले. हणमंत आत आला, त्यानं मला धरलं.

"कातर!" मी म्हटलं. "माझ्या कमरेची कातर काढ!"

ओढून काढायची गोष्टच नव्हती ती. त्यानं कातर हातात दिली, पोरीची कंबर माझ्याकडनं आपल्या हातात घेतली आणि मी वरची कड पकडून उसवायला लागले. माझा टाका बारीक, घट्ट. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला शिव्या दिल्या. कड उसवत गेले तसा आतनं गार वारा आला, बंद घराचा असतो तसा. एक उजेड दिसला का? दिसला. पिवळा, अगदी लहान. त्याच्याकडं मी बघितलं नाही. शेवटचा टाका तुटला, पडद्याची दोन कापडं झाली आणि खाली पडली. सायली हणमंताच्या अंगावर आली. हात होता. बर्फासारखा गार, मनगटातल्या बांगड्या नाहीत, आणि कुठं ओरखडाही नाही. ती आता रडत होती. हणमंत तिला घेऊन दिव्याखाली पळाला.

मी एकटी राहिले. पडदा गेल्यामुळं बाजार सगळा उघडा दिसत होता, लोक थांबून बघत होते. पेटी माझ्या शेजारी करकरली. आणि माझ्या उजव्या कानाशी श्वास लागला. मिशा टोचल्या. हे काहीतरी सांगणार होते. इतक्या वर्षांनी, मला.

मी तळहातानं कान झाकला. आणि सगळ्या दुर्गदबैलला ऐकू जाईल असं बोलले:

"आता तुम्ही नाही, मी बोलणार. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले, कारण माणूस चांगला होता. जो आज इथं आलाय त्याला मी ओळखत नाही. एकटं वाटतंय म्हणून नातीला ओढणारा माझा नवरा नव्हे. टोपी ठेवा, पैंजणं ठेवा, पिल्लाला दूध घाला. पण माझ्या घरातलं माणूस तुम्हाला मिळणार नाही. पोरगी नाही, पोरगा नाही. आणि माझी वाट बघत असाल तर तीही बघू नका. माझी वेळ झाली की मी जाईन माझ्या वाटेनं, आणि त्या वाटेवर तुम्ही दिवा लावून बसलेले दिसलात, तरी मी मान वळवून पुढं जाईन."