लाल बटणाखाली गेलेलं नाव

नुसतं ऐका मित्रांनो, मधे कुणी बोलू नका. मला आठवलं तरी अजून धडधडतं.

मी एक जुनी कॅसेट आहे, साठ मिनिटांची. एकोणऐंशी साली रियाधजवळ अल सुलैच्या कॅम्पात गुणाजी नावाचा सुतार राहायचा, मी त्याची. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून तो माझ्यात बोलायचा. सुट्टीवर निघालेल्या कुणाच्या तरी बॅगेतून मी कोकणात जायचे. तिथे त्याची विधवा बहीण शेवंता मला ऐकायची आणि माझ्यावरच उत्तर भरून परत पाठवायची. शेळी व्यायली, पोरी भांडल्या, सगळं. मी परत आले की त्याच्या खोलीत राहणारा मुनाफ ओरडायचा, "यल्ला, चला रे, गुणाजीची बहीण आली," आणि सगळे खाटेवर गोळा. काय मान होता माझा तेव्हा.

आता एक लक्षात ठेवा. माझ्या पाठीवर प्लास्टिकचे दोन बारीक तुकडे आहेत. ते मोडले की माझ्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण पत्राच्या कॅसेटचे ते कुणी मोडत नाही. मोडले तर उत्तर कशावर भरणार?

तर गुणाजीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी तो घाबरत घाबरत, वाक्यावाक्याला थांबत माझ्यात बोलला, "उद्या माझं काही झालं तर मी बांधलेलं घर शेवंताचं. दोन्ही पोरींना घेऊन तिने तिथेच राहायचं. आणि दादा, तिला तिथून हलवू नकोस."

गुणाजी हॉस्पिटलातून परत आलाच नाही.

मग त्याचा मोठा भाऊ बाळाराम आला, हफ्र अल बातिनला ट्रक चालवायचा तो. भर दुपारी खोलीत एकटाच होता. भावाची पेटी उघडली, मला टेपमध्ये घातलं, सगळं ऐकलं. मग फीत मागे घेतली, "मी बांधलेलं घर" इथपर्यंत आणली आणि लाल बटण दाबलं.

मित्रांनो, ते बटण खाली गेलं की काय होतं ते मला विचारा. शब्द एकेक करून जात होते. मला एकच गोष्ट करता आली असती, गुंतून बसायचं. पण गुंतले की फीत तुटते, तुटली तर गुणाजीचा सगळाच आवाज जायचा. मी घाबरले आणि फिरत राहिले.

तेवढ्यात मुनाफ आत आला. "दादा, काय भरताय?"

"काही नाही."

"भावाच्या आवाजावर?"

"घर म्हणे शेवंताचं. पोरी लग्न होऊन जातील, मग काय जावई येऊन बसणार? तू परका आहेस मुनाफ, तुला नाही कळायचं."

मुनाफने हात पुढे केला आणि टेप बंद केला. "खलास," एवढंच बोलला, आणि मला खिशात टाकलं.

पुढच्या सुट्टीत वाडीतली चार माणसं शेवंताच्या ओटीवर बसली. बाळारामही आला होता. मुनाफने मला लावलं. गुणाजी बोलला, "मी बांधलेलं घर," आणि आवाज गेला. नुसती कॅम्पातल्या खोलीच्या पंख्याची घरघर. शेवंताने पदर तोंडाला लावला. बाळाराम म्हणाला, "बघा, पुढे काहीच नाही."

मी मात्र फिरतच होते. माझ्यातून बाळारामचाच त्या दुपारचा आवाज आला, "घर म्हणे शेवंताचं." आणि मागून गुणाजी, "दादा, तिला तिथून हलवू नकोस."

बाळाराम चपला शोधायला लागला.

शेवंता अजून त्याच घरात आहे. त्याच दिवशी मुनाफने माझ्या पाठीवरचे ते तुकडे मोडून टाकले. तुम्हीही मोडा, आजच मोडा, ज्याचा आवाज हवा असेल त्याच्या कॅसेटचे.

पण शेवंता अधूनमधून मला लावते, मागे घेते, परत लावते. तिला भावाच्या तोंडून स्वतःचं नाव ऐकायचं असतं. ते तेवढंच नाही. तिथे पंखा आहे.

मी गुंतले असते तर ते वाचलं असतं का? की सगळंच गेलं असतं? सांगा ना, माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं?