खाणीतलं कार्ड

चूक को-ची. शेजारच्या गाळ्यावरनं तो एवढ्या मोठ्यानं बोलला नसता, तर मला थाप मारायची वेळच आली नसती.

तैपेईच्या क्वांगह्वा मार्केटात माझा कॉम्प्युटरच्या जुन्या-नव्या सामानाचा गाळा आहे. मंगळवारी दुपारी ज्येन आ-पे आले. आ-पे म्हणजे काकाच, पण पिकलेले. वय त्र्याहत्तर, गाव रुईफांग, एकोणीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेली. खाण बंद झाली, पाण्यानं भरली, आणि आता हे गृहस्थ ती आठवून आठवून कॉम्प्युटरमध्ये नव्यानं खणत होते. बोगदे, रूळ, लाकडी टेकू, सगळं.

"पहिली पातळी दिसते, दुसरी दिसते," ते म्हणाले. "तिसरीत उतरलो की पडदा काळा. शनिवारी आमच्या टोळीतले उरलेले नऊ जण जेवायला जमतायत. आ-श्वेइ एक्क्याण्णव वर्षांचा झालाय. त्याला तिसरी दाखवायचीय. आम्ही दोघं तिथंच होतो कामाला. पुढच्या वर्षावर नाही ढकलता येत."

मी दोन ग्राफिक्स कार्डं पुढं ठेवली. एक कोरं, नव्या पिढीचं, आठ जीबी मेमरीचं. दुसरं वापरलेलं, मागच्या पिढीचं, पण मेमरी बारा. तेवढ्यात शेजारून को बोलला, "अगं, आ-पेंच्या गळ्यात ते खाणीतलं कार्ड नको मारूस."

आमच्या बाजारात खाणीतलं कार्ड म्हणजे ज्यानं कुणाच्या तरी शेडमध्ये वर्ष-दीड वर्ष रात्रंदिवस बिटकॉइनसारखी कॉम्प्युटरवरची नाणी खणलीत ते. भाजून निघालेलं, पंखे झिजलेलं. हा शब्द ऐकला की शहाणं गिऱ्हाईक पळतं. आ-पेंचा चेहरा उजळला.

"कुठल्या खाणीतलं?"

माझ्या जिभेला हाड नाही. "रुईफांगच्या," मी म्हटलं.

को चहा पीत होता. तो चहा नळीतनं परत ग्लासात गेला.

"आपल्याकडचं," आ-पे म्हणाले आणि कार्ड दोन्ही हातांनी उचललं. मी पटकन दोन्ही कार्डांच्या माहितीचे कागद काढले, म्हटलं आकड्यांत गुंतले की विसरतील. गुंतलो मात्र मी आणि को.

"माणसं किती?" आ-पे.

"कसली माणसं?"

"आत काम करणारी."

म्हणजे कोअर. "नव्यात तीन हजार बहात्तर. जुन्यात तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी."

"बोगदा केवढा?"

म्हणजे मेमरीकडं जायचा रस्ता. "नव्याचा एकशे अठ्ठावीस बिट, जुन्याचा एकशे ब्याण्णव."

"खातात किती?"

"नवं एकशे पंधरा वॉट. जुनं एकशे सत्तर."

आ-पेंनी बोटावर हिशेब केला. "नव्यात माणसं कमी, बोगदा अरुंद, भात कमी. आणि कोळसा?"

"जास्त काढतं, आ-पे."

"मुकादम खोटं लिहितोय."

"नाही हो. नव्यातली माणसं हात भराभर चालवतात. शिवाय त्यांच्याजवळ एक छोटं कोठार आहे. सारखं बोगद्यातनं ये-जा नको."

"मग जुन्यात का नाही ठेवलं कोठार?"

"आहे. बारकं आहे."

"मोठ्या खाणीला बारकं कोठार? कुणी बांधलं हे?"

आता वीस वर्षं मी ही कार्डं विकतेय, पण असं मला कुणी विचारलं नव्हतं. मी कागद उलटा करून बघितला. को मदतीला आला आणि म्हणाला, खरं म्हणजे दोन पिढ्यांचे कोअर एकमेकांशी मोजूच नयेत.

"मग छापता कशाला?" आ-पेंनी विचारलं.

को आपल्या गाळ्यावर परत गेला.

मी म्हटलं, गाळ्यातल्या कॉम्प्युटरच्या डब्यात बसवून चाचणी लावू, चाचणी खोटं बोलत नाही. नव्याला दहा हजार सहाशे गुण, जुन्याला आठ हजार सातशे. सुटले. मग आ-पेंनी खिशातनं आपली खाण काढली, पेनड्राइव्हमध्ये होती. नव्या कार्डावर पहिली पातळी लोण्यासारखी, दुसरीही. तिसरीच्या तोंडाशी पडदा काळा. जुन्यावर पहिली अडखळत, दुसरी रखडत, आणि तिसरी उघडली. टेकूंवरची साल दिसत होती. आठ जीबीत ती मावतच नव्हती, एवढंच.

"जिंकलं कोण मग?" को-नं तिकडनं विचारलं.

"गप्प बस," मी म्हटलं, कारण मलाच ठाऊक नव्हतं. हरलेलं कार्ड चालत होतं आणि जिंकलेलं चालत नव्हतं.

तेवढ्यात जुन्याचा पंखा शिट्टी मारायला लागला. एक्क्याण्णव अंश. चित्र थरथरलं आणि थिजलं.

"काही होत नाही," आ-पे म्हणाले. "रुईफांगचं आहे. टिकेल."

इथं माझी मजा संपली. शनिवारी नऊ म्हाताऱ्यांसमोर ते विझलं असतं, तर ते माझ्या थापेनं विझलं असतं. मी सगळं सांगून टाकलं. नाणी, शेड, दीड वर्ष.

आ-पेंनी विचारलं, "नाणी आत असतात?"

"नसतात."

"मग खणतात काय?"

"आकडे, आ-पे."

"वर काय येतं?"

"आकडेच."

"आणि सुट्टी?"

"एक दिवस नाही."

"आणि याला तू रुईफांगचं म्हणालीस." ते हसले नाहीत. "आम्हाला महिन्यातनं दोन सुट्ट्या होत्या, मालकीणबाई."

मी नवं कार्ड परत खोक्यात घालायला लागले, कारण ते तर कामाचंच नव्हतं, आणि जुनंही उचलायला लागले, कारण ते द्यायची हिंमत नव्हती. आ-पेंनी माझा हात धरला.

"हवा कुठनं येते?"

"कुठं?"

"आत. हवा कुठनं येते, जाते कुठं?"

त्यांनी खिशातला पातळ कागद फाडून त्याची पट्टी केली आणि कॉम्प्युटरच्या डब्याच्या पुढच्या पंख्यासमोर धरली. पट्टी बाहेर उडाली. मागच्या पंख्यासमोर धरली. तीही बाहेर.

"दोन्ही दारं बाहेर फुंकतायत," ते म्हणाले. "आत माणूस मरतो अशानं. हा डबा कुणी जोडला?"

को खोकला. डबा मीच जोडला होता, आणि चाचण्या गेली तीन वर्षं त्याच डब्यात घेत होते.

पुढचा पंखा उलटा बसवला. जुन्या कार्डाच्या चिपेवरचा, उष्णता ओढून घेणारा पण आता वाळलेला लेप खरवडून मी नवा लावला. तिसरी पातळी अर्धा तास चालू ठेवली. अठ्ठ्याहत्तर अंश, शिट्टी बारीक. आ-पेंनी पंख्याला कान लावला.

"दमेकरी आहे," ते म्हणाले. "पण आम्ही सगळेच आहोत. दे."

शनिवारी दुपारी मी रुईफांगला गेले, नाहीतर झोप लागली नसती. परतलेल्या शेवयांच्या परातीपलीकडं नऊ म्हातारे पडद्यासमोर बसलेले, आ-श्वेइ सगळ्यांत पुढं. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी उघडली. मग आ-श्वेइनं काठी उचलून पडद्यावर टेकवली.

"पाण्याचा चर डावीकडं होता."

"उजवीकडं," ज्येन आ-पे म्हणाले.

"तू नेहमी माझ्या मागनं चालायचास. तुला काय दिसणार?"

"मागनं चालणाराच भिजतो, म्हणून सांगतोय."

चौघं डावीकडचे निघाले, चौघं उजवीकडचे, आणि एकाच्या मते चर नव्हताच, भिंतच गळायची. आ-श्वेइ माझ्याकडं वळला. "कार्डवाली तू ना? ने आम्हाला परत तोंडाशी. पुन्हा उतरू, यावेळी मी पुढं चालतो."

मी नेलं. यावेळी आ-श्वेइची काठी सगळा वेळ पडद्याच्या डाव्या कडेला टेकलेली होती.