दीर्घायुष्याचं लाकूड

गाओ देशोउ म्हाताऱ्याच्या अंगणातलं पॉप्लरचं झाड अळ्या आतून पोखरत होत्या. खोडाला कान लावला की कुरकुर ऐकू येई, कुणी सावकाश चणे चावत बसावं तशी. म्हाताऱ्याचा जीव टांगणीला लागला होता, कारण याच झाडाचं त्याचं ‘दीर्घायुष्याचं लाकूड’ व्हायचं होतं. वेई नदीकाठी शवपेटीला शवपेटी म्हणत नाहीत. ते लाकूड माणसाच्या हयातीतच घडवून ठेवलं तर आयुष्य वाढतं, असंही म्हणतात.

सुतार म्हणाला, "आजोबा, या चाळणीत बसून पूर्वजांकडे निघालात, तर अर्धेच पोचाल."

शेवटी वनखात्याच्या दोउबाई दोन नळ्या घेऊन आल्या. एकीत मुंगीएवढ्या गांधीलमाश्या. दुसरीत ढलपीसारखे तपकिरी भुंगेरे, बोट लागताच मेल्याचं सोंग घेणारे.

"माशी अळीला डंख मारते. अळी मरत नाही, नुसती सैल पडते. मग तिच्यावर अंडी घालून आई तिथंच बसते. पिल्लं खात असतात, ही त्यांना जपते."

"आणि भुंगेरा?"

"त्याची मादी बिळाच्या तोंडाशी अंडी टाकून चालती होते. पिल्लं आपल्या पायांनी जाऊन अळीला चिकटतात. एकदा चिकटली, की त्यांचे पाय गळतात."

"यात मायाळू कोण म्हणायचं?"

"अळीनं अजून काही सांगितलं नाही, आजोबा."

पूर्वेकडच्या भोकांत माश्या सोडल्या, पश्चिमेकडे भुंगेरे. उन्हाळा सरताना दोन्हीकडची कुरकुर थांबली.

घरात सून छाइलिंग म्हाताऱ्याच्या उशाशी बसून राळ्याची पेज भरवी, पाय चेपी. "बाबा, तुम्ही उठायचं नाही हं." लेक रुईचिन शहरातून येई, पोरांना दाराशी सोडून चालती होई. पोरं आत येऊन आजोबांना चिकटत. म्हाताऱ्याचे पाय हल्ली सैल पडत चालले होते.

सुतारानं खोड ठोकून पाहिलं. "आता ठणठणीत आहे. उद्या पाडू."

"बाबा, आयुष्य वाढलं तुमचं," छाइलिंग म्हणाली. सुतार म्हाताऱ्याच्या उंचीचं माप घेऊन गेला.

अळ्या होत्या तोवर झाडाला कुणी हात लावत नव्हतं, हे म्हाताऱ्याला आत्ता उमगलं. आपल्यामागे रडणार कोण, तेवढं तरी बघावं म्हणून तो हातपाय आखडून भुंगेऱ्यासारखा निपचित पडला.

छाइलिंगनं नाकाशी तळवा धरला. ओल्या फडक्यानं मायेनं चेहरा पुसला. मग दाराकडे वळून हळूच म्हणाली, "या रे सगळे. अजून ऊब आहे अंगात."

म्हातारा सोंग टाकून उठायला गेला. पाय हलेनात.