डावीकडची मूठ

माझ्या हँडलच्या दोन्ही मुठी सारख्याच जुन्या आहेत, पण झिजल्या मात्र वेगवेगळ्या. उजवी तळहाताच्या घामाने गुळगुळीत झाली आहे. डावीचे टोक फाटकाला, भिंतीला, उभ्या गाड्यांना घासून पार फाटले आहे आणि आतली लोखंडी नळी उघडी पडली आहे.

मित्रांनो, मी यवतमाळातली एक साधी, बिनगिअरची, जुनी सायकल. दुकानातल्या सर्वांत स्वस्त सायकलींच्या रांगेतून शीलाताईंनी मला निवडले. त्यांना रोज दारव्हा रोडने कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला जायचे असे. त्यांचे पती चंद्रशेखर मोटारसायकलवर सोडायला तयार होते.

"आधी तुमचा पेपर, मग तुमचा चहा, मग तुमचं ऑफिस. माझा नंबर लागेपर्यंत कॉलेज सुटेल," असे म्हणून ताई मला बाहेर काढत.

फार चांगले दिवस होते ते. हिवाळ्यात रस्त्याने कापसाच्या गाड्या जात, तेव्हा उडालेला कापूस माझ्या मागच्या आसाला गुंडाळला जाई. कापूस तेल शोषून घेतो आणि आस कोरडा पडतो, हे ताईंना ठाऊक होते. सुट्टीच्या दिवशी त्या चिमट्याने एकेक धागा काढीत आणि मग तेलाचा थेंब सोडीत. एवढी निगा महागड्या गाड्यांच्याही वाट्याला येत नाही.

पुढे मी डावीकडे धडकू लागले.

ताईंनी मला डोमाजी मिस्त्रीकडे नेले. "हँडल डावीकडे ओढतंय."

डोमाजीने पुढचे चाक गुडघ्यांत धरून पाहिले. "ताई, हँडल तं सरळच हाये. गरीब सायकलीले काहून बदनाम करून राह्यल्या?"

"तरी एकदा घट्ट करा."

त्याने केले. नंतर ब्रेकची रबरे बदलली, मग घंटी बदलली. "आता चालवणारीच तेवढी बदलाची राह्यली," तो म्हणाला. ताई हसल्या नाहीत.

का, ते मला माहीत होते. सकाळी अंगणात कोणी नसताना त्या उजवा डोळा मिटत आणि एक बोट डाव्या कानाकडून हळूहळू पुढे आणत. बोट दिसले की थांबत. दिवसेंदिवस ते नाकाच्या अधिकाधिक जवळ येऊन थांबू लागले. डोळ्यांत घालायच्या औषधाची बाटली त्या माझ्या टोपलीत, डब्याखाली लपवत. "डॉक्टर म्हणाले, गर्दीत सायकल नको. या आठवड्यात घरी सांगते," असे फाटकाशी पुटपुटत. आठवडे जात राहिले.

मित्रांनो, आमची साखळी कुरकुरली की तुम्ही लगेच तेल घालता. माणसे कुरकुरत नाहीत, म्हणून त्यांच्याकडे जास्त लक्ष ठेवायला हवे. मला वाचा असती, तर मी कधीच सांगितले असते.

काल दत्त चौकाच्या अलीकडे शेजारचे म्हातारे पुंडलिकराव रस्त्याच्या डाव्या कडेने चालले होते. माझी मूठ त्यांच्या कोपराला लागली आणि ते हातावर पडले. मनगट मोडले.

आज संध्याकाळी ते हाताला प्लास्टर घालून आमच्या अंगणात येऊन बसले. "तुम्ही कायले मनाले लावून घेता, बाई? इतक्या जुन्या सायकलीचा काय भरोसा? भंगारात देऊन टाका तिले."

"मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं, स्वस्तातली घेऊ नको," चंद्रशेखर म्हणाले. "ब्रेक लागले नसतील. उद्या चांगली डिस्क ब्रेकवाली घेऊन देतो. मग तर झालं?"

मी भिंतीला टेकून ऐकत होते. ताईंनी नुसती मान हलवली असती, तर दोष माझ्या माथी मारून सगळे मोकळे झाले असते. भंगाराचे मला एवढे वाटले नाही. पण उद्या नवी सायकलही डावीकडेच धडकली असती, आणि समोर कोण आले असते, कोण जाणे.

ताईंनी चहाचा कप खाली ठेवला.

"ब्रेक चांगले आहेत. काका, तुम्ही मला दिसलाच नाहीत. डावीकडचं मला दिसत नाही, वर्ष होऊन गेलं. नवी सायकल नको. मी आता सायकल चालवणार नाही."