घट्ट काजांचा गाऊन

“हात मागे,” सिस्टर म्हणाल्या. “इथली पहिली शिकवण हीच. कुणाचा घास सांडला, कुणाचा पाय चपलेत जाईना, कुणी कितीही केविलवाणं तोंड केलं, तरी हात मागे. उभं राहायचं, बोलायचं, धीर द्यायचा. पण त्यांचं काम आपण करायचं नाही.”

शाळेच्या गणवेशातल्या मुलीने हात मागे बांधले खरे, पण तिचा चेहरा सांगत होता की ही कसली सेवा, काहीच करायचे नाही म्हणे.

शाळेने अकरावीच्या मुलांना सांगितले होते की वर्षभरात समाजासाठी काही तरी करा. फळ्यावर कामे लिहिली होती. वाचनालयात पुस्तके लावणे, बागेतल्या झाडांची देखभाल, भटक्या कुत्र्यांचा निवारा. कुत्र्यांवर पोरांच्या उड्या पडल्या, झाडे आणि पुस्तके वाटून झाली आणि दवाखाना उरला. तो या मुलीने हौसेने मागून घेतला. तिला लोकांसाठी काही तरी करण्याची फार हौस होती. घरी धाकट्या भावाच्या बुटांच्या नाड्या ती बांधायची, बहिणीची वेणी ती घालायची, बाप कामावर निघाला की त्याची कॉलर सरळ करायला दारापर्यंत धावायची. घरचे तिला दहा हातांची म्हणत. असल्या पोरीला नेमके हात मागे ठेवायला सांगितले, म्हणजे माशाला कोरड्यावर उभे राहायला सांगण्यातलाच प्रकार.

हा वॉर्ड आजारातून उठलेल्यांचा होता. आजार जायचा तो गेलेला, आता घरी जाऊन राहता यावे म्हणून लोक इथे चालणे, जेवणे, कपडे घालणे पुन्हा शिकत. खिडकीजवळच्या पलंगावर टेलरबाई होत्या. अर्धांगाच्या झटक्याने त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. पाय हळूहळू काठीचे ऐकू लागला, हात मात्र अजून रुसून बसलेला. जीभ तेवढी सहीसलामत सुटली होती आणि तिची धार त्यांच्या कात्रीपेक्षा कमी नव्हती.

“शाळा आली का?” मुलगी दारात दिसली की त्या विचारत. पहिल्या दिवसापासून त्यांनी तिचे नाव शाळाच ठेवले. वॉर्डनेही तेच उचलले.

टेलरबाईंचे दुकान एका रस्त्याला लागून होते आणि दुकानाच्या वरच त्यांच्या दोन खोल्या. नवरा तरुणपणीच गेला. त्याच्या मागे त्या शिलाई यंत्रावर बसल्या त्या बसल्याच. मुलाला शिकवले, नोकरीला लावले, त्याचे लग्न करून दिले. मुलगा दुसऱ्या शहरात होता. चांगला होता बिचारा, दर रविवारी न चुकता येई. आता माझ्याकडेच चल, असे तो म्हणत होता आणि मनापासून म्हणत होता. पण टेलरबाईंचे म्हणणे वेगळे होते.

“तुझ्या घरी मी पाहुणी,” त्या म्हणायच्या. “सून लाख चांगली आहे. पण डाळीत मीठ कमी पडलं तर मी बोलायचं की नाही, हे मला आधी ठरवावं लागेल. माझ्या घरी मी मालकीण. मीठ कमी पडलं तर स्वतःला शिव्या देईन.”

शेवटी दोघांचे ठरले होते. व्यायाम घेणाऱ्या मॅडमनी परीक्षा घ्यायची. बाई एकट्या कपडे घालू शकल्या, चहा करू शकल्या, जिना चढून उतरू शकल्या तर आपल्या घरी जातील. नाहीतर मुलाकडे, आणि त्या दोन खोल्या सोडून द्यायच्या. यंत्रावर पुन्हा बसता येईल ही आशा मॅडमनी आधीच काढून घेतली होती. ते टेलरबाईंनी ऐकून घेतले, एक दिवस भिंतीकडे तोंड करून काढला आणि पुन्हा तो विषय काढला नाही. त्यांना आता फक्त घर हवे होते.

जिना जमला. चहा डाव्या हाताने जमला. अडले बटणांपाशी.

त्यांचे सगळे गाऊन त्यांनी स्वतः शिवलेले, पुढून बटणांचे. आणि त्यांच्या दुकानाची ख्याती काय होती, तर काजे घट्ट. कापड विरेल पण बटण आपोआप सुटणार नाही, असे गिऱ्हाइके सांगत. तीच काजे आता त्यांच्यावर उलटली होती. डाव्या हाताच्या अंगठ्याने बटण ढकलावे तर काज तोंड उघडायला तयार नसे. मॅडमनी सुचवले की काजे थोडी मोठी करून घेऊ, नाहीतर बटणांच्या जागी वेल्क्रोची चिकटपट्टी लावू, आजकाल सगळे तेच करतात. त्यावर टेलरबाई एवढेच म्हणाल्या की माझ्या काजाला कात्री लावायची असेल तर आधी मला लावा.

आणि मग ते घडले. एका दुपारी शाळा सुटून मुलगी आली, तेव्हा टेलरबाई गाऊन बदलून बसल्या होत्या. बाह्या घातल्या होत्या, पुढचा भाग उघडाच. भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली होती आणि शेजारच्या पलंगाचे पुरुष पाहुणे दारापर्यंत आले होते.  टेलरबाईंनी गाऊनची दोन टोके डाव्या मुठीत आवळून धरली आणि मान खाली घातली. जन्मभर दुसऱ्यांचे अंग झाकणाऱ्या बाईची ती मान मुलीला पाहवली नाही. तिचे हात मागचे पुढे कधी आले ते तिलाही कळले नाही. भराभर सगळी बटणे लागली.

दुसऱ्या दिवशीही लावली. तिसऱ्या दिवशी टेलरबाईंनीच डोळ्यांनी खुणावले. संध्याकाळी मॅडमची फेरी आली. गळ्यापर्यंत लागलेली बटणे पाहून त्या थबकल्या.

“स्वतः लावलीत?” त्यांनी विचारले.

“नाहीतर काय भूत येऊन लावून गेलं?” टेलरबाई म्हणाल्या.

मॅडम हसल्या. मुलगीही हसली. पण मॅडम पुढच्या आठवड्यात पुन्हा तशीच बटणे बघून इतक्या खूश झाल्या की त्यांनी परीक्षा अलीकडे आणली. येत्या शुक्रवारीच घेऊन टाकू, म्हणाल्या, मुलालाही बोलावून घेते. तेव्हा मात्र मुलीचे हसू आटले. उपकार करायला गेली आणि बाईंच्या गळ्यात फास अडकवून बसली. मी सिस्टरना खरे सांगते, असे ती म्हणू लागली. टेलरबाईंनी तिला दटावले. सांगशील तर उद्यापासून तुला इथे कोण उभे करेल, म्हणाल्या. मी करते काहीतरी. पण बटणांशी करून करून काय करणार? चार दिवस त्या पहाटेपासून झगडल्या. एक बटण लागे, दुसऱ्यावर घोडे अडे.

शुक्रवारी व्यायामाच्या खोलीत त्यांना आरशासमोर बसवले. मॅडम होत्या, सिस्टर होत्या, मुलगा रजा टाकून आला होता आणि कोपऱ्यात ती मुलगी. आधी लुळा हात बाहीत, मग चांगला, हे टेलरबाईंनी झोकात केले. मग बटणांवर बोट ठेवले आणि थांबल्या.

“लाव ना आई,” मुलगा कौतुकाने म्हणाला. “मॅडम सांगत होत्या, रोज लावतेस.”

टेलरबाईंनी आरशात त्याच्याकडे पाहिले. थकवा आलाय, आज हात दुखतोय, असे काहीही त्यांना म्हणता आले असते आणि सगळ्यांनी ते मान्यही केले असते.

“ती बटणं माझी नव्हेत,” त्या म्हणाल्या.

मुलगी पुढे झाली.  “मी लावली, मॅडम. आजींची चूक नाहीये, मीच—”

“तू गप्प बस,” टेलरबाई म्हणाल्या. “काम तू केलंस, शाबासकी मी खाल्ली. दुसऱ्याच्या शिलाईवर मी माझ्या दुकानाच्या नावाची पट्टी कधी लावली नाही आणि या वयात लावली. नापास करा, मॅडम. पण या पोरीला काढू नका. हात पुढे आला तो माझ्यापायी आला.”

 मुलगा खाली बघत होता. घरी गेलेली बाई रोज उघड्या गाऊनने बसली असती हे आता सगळ्यांच्याच ध्यानात आले होते. सिस्टरनी मुलीला बाहेर नेऊन झापले, चांगले झापले. तू केलेस ते दयेपोटी केलेस हे मला माहीत आहे, त्या म्हणाल्या, पण तुझी ती दया त्यांचे घर घेऊन चालली होती. मुलगी रडली. उद्यापासून येऊ का, असे तिने विचारले. सिस्टर म्हणाल्या, उद्या तर आलेच पाहिजे, निस्तरायला कोण येणार?

आत मुलगा आईला म्हणत होता की आता हट्ट पुरे, सामान बांधू. टेलरबाईंनी महिनाअखेरपर्यंत मुदत मागितली. जन्मात त्यांनी त्याच्याकडे काही मागितले नव्हते, त्यामुळे नाही म्हणणे त्याला जमले नाही.

त्या दिवसापासून दोघींचा अभ्यास सुरू झाला. पडदा ओढून मुलगी समोर उभी राही आणि टेलरबाई बटणांशी भांडत. खालून सुरुवात करायची, वरून नाही, हे मॅडमनी शिकवले होते. लुळ्या हाताला नुसते बसवून ठेवायचे नाही, कापड दाबून धरायचे तेवढे काम त्यालाही द्यायचे. टेलरबाई त्या हाताला ऐदी म्हणत, आळशी म्हणत, कधी लाडीगोडी लावत. बटण काजाच्या तोंडाशी येऊन घसरले की मुलगी मागचे हात एकमेकांत आणखी घट्ट अडकवी. एकदा तर तिच्या डोळ्यांत पाणी आले.

“रडतेस काय? बटण माझं सुटलंय,” टेलरबाई म्हणाल्या.

“तुमचं सोपंय आजी. तुम्हाला निदान करायला तरी मिळतंय. मला नुसतं बघायचंय.”

यावर टेलरबाई इतक्या हसल्या की सिस्टर पडदा सारून बघून गेल्या. नुसते बघत उभे राहणे हेही काम आहे आणि ते अवघड आहे, हे मुलीला इथे उमगत होते. घरीसुद्धा भाऊ नाडी बांधताना गाठीत गाठ मारू लागला तेव्हा ती दात आवळून उभी राहिली. शाळेला उशीर झाला, पण नाडी भावानेच बांधली आणि दिवसभर सगळ्यांना दाखवत फिरला.

महिनाअखेरीस पुन्हा तीच खोली, तोच आरसा. या वेळी टेलरबाई घाई करीत नव्हत्या. पहिले बटण लागले. दुसऱ्याला वेळ लागला. मुलगा दोनदा खुर्चीतून अर्धा उठला आणि बसला. तिसरे लागून सुटले, पुन्हा लागले. गळ्याजवळचे एक राहिले तेव्हा टेलरबाईंनी काठी उचलली.

“वरचं राहिलं की, बाई,” मॅडम म्हणाल्या.

“वरचं मी कधीच लावत नाही. गळा आवळतो. तेव्हा लावलेलं पाहूनच तुम्हाला संशय यायला हवा होता.”

मॅडमनी मान्य केले की यायला हवा होता. मग टेलरबाईंनी चहा केला, सगळ्यांना दिला आणि साखर जास्त पडली हे स्वतःच सांगितले. मुलाने तो कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला. मुलीला तर काय करू नि काय नको झाले होते. परीक्षेत पहिली आल्यावरही तिला एवढा अभिमान वाटला नव्हता. यात आपण काहीच केले नाही, याचाच तिला अभिमान वाटत होता.

घरी नेण्याच्या दिवशी शाळेला सुट्टी होती, म्हणून मुलगीही बरोबर गेली. खाली दुकानात शिलाई यंत्रावर चादर टाकलेली होती. टेलरबाईंनी ती उचलून पाहिली नाही. चादरीवरूनच यंत्रावर क्षणभर हात ठेवला आणि जिन्याकडे वळल्या. वर गेल्यावर खिडक्या उघडल्या, मुलाने ठेवलेले डबे त्याच्या देखत दुसऱ्या फळीवर हलवले आणि तुम्ही आता निघा, असे फर्मान काढले. मुलाचा पाय निघेना. मी खाली दुकानात झोपतो आजच्या दिवस, निदान दाराला कडी तरी लावू नकोस, असे तो विनवू लागला.

“दार उघडं टाकून राहायला ही धर्मशाळा नाही,” आई म्हणाली. “शेजारणीकडे किल्ली आहे, फोन उशाशी आहे. निघ. आणि शाळे, तू अभ्यास कर. दुसऱ्यांची बटणं बघत बसू नकोस.”

दार लोटले गेले. मुलगा जिन्यावर दोन पायऱ्या उतरला आणि थांबला. मुलगीही थांबली. आतून कडी सरकल्याचा आवाज आला आणि अर्ध्यातच थांबला. जुनी लोखंडी कडी, दोन चांगल्या हातांनीही सहज न बसणारी. पुन्हा सरकली, पुन्हा अडली. आत काठी पडली. टेलरबाई स्वतःलाच काहीतरी खरमरीत बोलल्या. मुलाने दारावर टकटक करायला हात उचलला, मुलीकडे बघितले आणि तो तसाच खाली घेतला. मग बराच वेळ काहीच ऐकू आले नाही. नुसते उभे राहून ऐकणे त्या माणसाला किती जड जात होते ते मुलीला दिसत होते. 

कडी खटकन बसली.

मुलाने डोळे पुसले आणि तो मुलीकडे पाहून हसला. इतक्या वर्षांत आपल्या आईचा इतका अभिमान त्याला कधी वाटला नव्हता, आणि तो सांगायला जिन्यावर ही शाळेतली पोरगी तेवढी होती.

“गेलात का रे?” आतून आवाज आला.

दोघांनी श्वास रोखून धरला. मग मुलाने वाकून पायातले बूट काढले, मुलीने चपला काढल्या, आणि ते हातात धरून दोघे आवाज न करता जिना उतरले.