डोंगराकडची भिंत

"आधी पोरं, मंग पाट्या!"

कमळाबाईंचा तो आवाज बनुबाईच्या कानात अजून होता. ती एवढीशी असताना वाडीची बालवाडी देवळात भरायची. पाऊस आडवा लागला की शिकवणाऱ्या कमळाबाई पोरांना पदराखाली घेऊन आत न्यायच्या आणि गात बसायच्या:

नाचनीच्या रोपा, नको वारियाला भिऊ,
आई हाय शेतामंदी, आपुन गानी गाऊ.

आता बालवाडीची अंगणवाडी झाली, वर पत्रे आले, भिंतीवर हत्ती रंगला आणि शिकवायला वैशालीताई आली. सरपंच सयाजीरावांची सून. लोंबी भली मोठी, आत दाणा नाही. ताई खुर्चीत मोबाइल बघणार, पोरं मोबाइल बघणाऱ्या ताईला बघणार. बनुबाई मदतनीस. खिचडी शिजवता शिजवता मनात चार शिव्या घालायची, पण मनातच. नवरा गेल्यावर ही जागा सयाजीरावांनीच मिळवून दिली होती. खाल्ल्या मिठाने तोंड शिवलं होतं.

आज श्रावणातल्या सकाळी ताईची परीक्षा होती. तालुक्याहून सुपरवायझर म्याडम येऊन ताई शिकवते कशी ते बघून शेरा देणार होत्या. ताईने आठवडाभर एकच शिकवलं होतं. डोंगराकडच्या भिंतीला पोरं ओळीने बसवायची आणि प्रत्येकाला एकेक उत्तर वाटून द्यायचं. पहिल्याने म्हणायचं लाल, दुसऱ्याने गोल, तिसऱ्याने हत्ती. बनुबाईच्या नातीला, सेजलला, हिरवा आला होता. पोर झोपेतही हिरवा म्हणायची.

"सेजू, जेवलीस काय गो?"

"हिरवा."

जूनला पोर पहिलीत जाणार, ती एवढ्या शिदोरीवर!

म्याडम सयाजीरावांच्या जीपमधून आल्या. तांबड्या चिखलात चप्पल रुतली तशा कुरकुरल्या, "किती आत आहे हो तुमची वाडी!" सयाजीराव हात जोडून म्हणाले, "गावठी कोंबडा चुलीवर हाय म्याडम. चाललेली वाट इसरून जाशाल." म्याडमच्या कपाळावरची आठी गेली.

पोरं जागेवर बसली. ताई नवं पातळ सावरत गोड गळ्यात बोलली, "बाळांनो, आज आपण खेळत खेळत शिकूया हं!" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. ही कोण बाई?

तेवढ्यात वरच्या रानातून पाऊस उतरला. पत्रा असा तडतडला की माणसाला माणसाचं ऐकू येईना. आणि पोरं आपसूक उठली. तळीये गावावर डोंगर कोसळला त्या सालापासून वाडीतल्या पोरांना घरोघरी एवढं एक शिकवलेलं. पाऊस वाजायला लागला की डोंगराची बाजू सोडायची, दाराकडे यायचं.

"बसा! जाग्यावर बसा!" ताईचा गोड गळा फाटला. "ओळ मोडली तर बघा!"

पोरं अर्धी उभी, अर्धी बसलेली. सेजल भिंतीला चिकटून रडकुंडीला आली.

बनुबाईच्या हातातला खिचडीचा डाव खाली पडला. "आधी पोरं!" म्हणत ती आत शिरली आणि दोन्ही हातांनी पोरं दाराकडे ओढून घेतली. पोरं बसली जशी जमतील तशी.

ओळ मोडली आणि ताईची सगळी शाळा वाहून गेली. म्याडमनी हत्ती दाखवला, समोरचं पोर ओरडलं, "लाल!" पान दाखवलं, "हत्ती!" चेंडू दाखवला तर सेजल डोळे पुसत म्हणाली, "हिरवा."

दारात जमलेल्या गावच्या बायकांमागून येसाजी फिसकन हसला. "बेस! आमची बी हितं नावं बदलून घ्या म्याडम. म्हशीला काय म्हनायचं?"

ताई लालबुंद. सयाजीराव खाकरले. "पोरं बुजली हो म्याडम. आमच्या सूनबाई लय जीव लावून शिकवत्यात. इचारा की गावाला."

म्याडमनी विचारलं, "काय हो, कशा शिकवतात ताई?"

"बेस शिकवतात," बायका म्हणाल्या. पाहुण्यासमोर वाडीचं उणं बोलायचं नाही. येसाजीसुद्धा पायाच्या अंगठ्याने चिखल उकरत राहिला.

सरपंचांच्या चुलीवरून रश्श्याचा वास आला. म्याडमनी पेन उघडलं आणि मोठ्याने वाचत लिहिलं, "सेविकेचे अध्यापन उत्तम. मदतनीस बाईंनी मध्येच मुलांना हलवल्याने शिस्त बिघडली. मदतनीस बदलावी." मग वर बघून म्हणाल्या, "मावशी, वाईट वाटून घेऊ नका. मुलांना जागेवर बसायची सवय हवी. ताई, यांना परत भिंतीला बसवा बघू, फोटो काढू."

ताईने सेजलचा दंड धरला. पाऊस वाजतच होता.

बनुबाईने ताईचा हात सोडवला. पोरीला पाठीशी घेतलं.

"काय करतेस गो बनु?" सयाजीराव डोळे वटारून म्हणाले. "इसरलीस काय, जागा कोनी दिली?"

"नाय इसरले सयाजीराव. म्हनूनच आजवर तोंड उघडलं नाय." ती म्याडमकडे वळली. "शेरा ल्ह्यायचा तर पुरा ल्ह्या, म्याडम. आषाढात ह्यो डोंगर कडकडला, तवा ही तुमची उत्तम ताई छत्री घेऊन पयली पळाली. मी पानी घेऊन परत आले तर दाराला भाईरनं कडी, आनि पोरं आत, ह्याच भिंतीला, ओळीनं बसलेली."