आपट्याचं पान, चॉकलेटचं

दिलावरचं अंबाजोगाईच्या बाजारात फळांचं दुकान. त्याची मुलगी आरजू घरी चॉकलेटचे लॉलीपॉप बनवायची. मागच्या वर्षी दसऱ्याआधी तिने बापाच्या टोपलीतलं लिंबाएवढं सीताफळ निवडलं आणि त्यावर सिलिकॉन ओतून साचा काढला. तीनदा फसला, चौथ्यांदा जमला. चॉकलेट ओतलं, साचा ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे काढले, काडी बसवली. फ्रीजमधून निघालेल्या सीताफळाचा डोळा न डोळा उठून दिसत होता.

कॉलेजातली मैत्रीण शिवांजली, आता किराणा दुकानदाराची सून, तो साचा एका दिवसासाठी मागून घेऊन गेली. दसऱ्याच्या महिला प्रदर्शनात तिच्या टेबलावर तीच सीताफळं होती. पहिलं बक्षीस मिळालं. साचे स्वतः घडवल्याचं तिने माईकवर सांगितलं.

आरजू तिच्या घरी जाब विचारायला गेली, तर शिवांजली हसली. म्हणाली, "साच्यावर काय तुझं नाव लिहिलंय का?"

आरजू परतली. भांडली नाही, कुणाला बोलली नाही. रस्त्यात भेट झाली की हसून बोलायची. वर्षभर तिने हा एकच राग सांभाळला.

यंदा प्रदर्शनाची पत्रिका आली. परीक्षक होत्या खतीजा मॅडम, उर्दू शाळेतल्या निवृत्त शिक्षिका. आरजूने पत्रिका दोनदा वाचली आणि मातीचं आपट्याचं पान घडवायला बसली. मधल्या शिरेला लागून सुईने उर्दूत तीन शब्द कोरले. अक्षरांची वळणं बाकीच्या शिरांत मिसळून गेली. त्यावरून साचा काढला आणि घरात सहज दिसेल असा ठेवला.

चार दिवसांनी शिवांजली आलीच. साचा उजेडात धरून म्हणाली, "शिरा लई बारीक काढल्यास गं. एक दिवस देतीस का?"

"ने की," आरजू म्हणाली.

प्रदर्शनात शिवांजलीने दीडशे पानं मांडली. सासरची सगळी मंडळी आली होती, सासू येईल त्याला सोनं म्हणून एकेक पान देत होती. आरजू समोरच्या खांबाजवळ उभी राहिली. खतीजा मॅडमनी एक पान उचललं, चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

"बेटा, हे तूच बनवलंस?"

"हो मॅडम. साचासुद्धा माझाच हाय."

"मग हे कावून लिहिलंस? चोरी का माल."

सासूचा हात तसाच राहिला. रांगेतल्या, उर्दू वाचता येणाऱ्या दोन बायकांनी आपापलं पान डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्याने तेच वाचलं. शिवांजलीने गर्दीत आरजूला शोधलं. आरजूने नजर हलवली नाही.

दुपारी शिवांजली रडत तिच्या दारात आली. सासरच्यांसमोर तोंड दाखवायला जागा राहिली नाही, मला एकटीला बोलली असतीस तरी चाललं असतं, असं म्हणाली.

"बोलले होते," आरजू म्हणाली. "तेव्हा तुला हसू आलं होतं."

दिलावरला हे आवडलं नाही. सणाच्या दिवशी कुणाला असं चारचौघांत उघडं पाडू नये, टोपलीभर सीताफळं घेऊन जा आणि मिटवून टाक, असं त्याने समजावलं. आरजूने ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात निघाली ती लांबच्या रस्त्याने, शिवांजलीच्या दुकानावरून. गल्ल्यावर बसलेल्या शिवांजलीने तिला पाहून मान खाली घातली. आरजूला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशीही ती त्याच रस्त्याने गेली.